शीर्षकात मेबल, श्रेयात कोण?

१९१४ चा जानेवारी. लॉस एंजेलिसच्या ईडनडेल भागातल्या कीस्टोन स्टुडिओत हॉटेलच्या लॉबीचा सेट लागलेला. प्रसंगात विनोद कमी पडतोय असं वाटल्यावर नव्याने रुजू झालेल्या एका इंग्रज नटाला सांगितलं गेलं, काहीतरी गमतीशीर वेष करून ये. तो ढगळ पँट, तंग कोट, मोठाले बूट, डर्बी टोपी, हातात छडी आणि नाकाखाली टीचभर मिशी अशा अवतारात आला. चार्ली चॅप्लिनच्या जगप्रसिद्ध भटक्याची ही पहिली एंट्री.

पण तो चित्रपट चॅप्लिनचा नव्हता. त्याचं नाव होतं 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट'. कुत्र्याशी खेळता खेळता रात्रीच्या कपड्यांतच खोलीबाहेर अडकलेली आणि शेवटी परक्याच्या पलंगाखाली लपलेली मेबल, ही त्याची गोष्ट. नायिका मेबल नॉर्मंड, वय २१. दिग्दर्शनाचं श्रेयही आज बहुतेक अभ्यासक तिलाच देतात. सगळे मात्र देत नाहीत. जिच्या नावावर चित्रपट विकला जायचा, तिने त्यात नेमकं काय काय केलं हे शंभर वर्षांनंतरही ठामपणे सांगता येऊ नये, याला कारणं आहेत. आणि ती मेबलच्या स्वभावात किंवा नशिबात शोधण्यापेक्षा मूकपटांच्या धंद्यात शोधावीत, असं मला वाटतं. तिच्याबद्दल वाचायला गेलं की पहिल्यांदा हाती लागतात त्या भानगडी. म्हणून इथे आधी कामाबद्दल.

मेबल न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडची. वडील सुतारकाम करायचे, घरची परिस्थिती बेताची. पंधरा-सोळाव्या वर्षी ती चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसू लागली. त्या काळात अमेरिकन मासिकांवर ज्याने काढलेल्या तरुणींची छाप होती, तो चार्ल्स डेना गिब्सन हाही त्यांतला एक. तासन्‌तास एकाच पोझमध्ये बसायचं, संध्याकाळी पैसे घ्यायचे. सिनेमाही तेव्हा असाच रोजंदारीचा उद्योग होता, म्हणून ती व्हायटाग्राफ आणि बायोग्राफ या न्यूयॉर्कच्या कंपन्यांकडे वळली. बायोग्राफमध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ गंभीर चित्रपट करत होता आणि त्याच्या हाताखालचा मॅक सेनेट नावाचा कॅनडातून आलेला धडपड्या माणूस विनोदी चित्रपटांच्या मागे लागला होता. मेबलची जोडी जमली ती सेनेटशी. कामात, आणि पुढे प्रेमातही.

बायोग्राफ आपल्या नटनट्यांची नावंच छापत नसे. नाव झालं की पगार वाढवून मागतील, ही भीती. प्रेक्षकांना चेहरा ओळखीचा व्हायचा, नाव नाही. इंग्लंडमधल्या वितरकांकडे लोक नटांची नावं विचारू लागले, तेव्हा त्यांनी चक्क खोटी नावं बनवून दिली. तिथे मेबल 'म्युरिएल फोर्टेस्क्यू' झाली! म्हणजे श्रेयाचा घोळ हा पुढे केव्हातरी झालेला अपघात नव्हे. धंद्याची सुरुवातच त्यापासून झाली.

१९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या केसेल आणि बाउमन या दोन भांडवलदारांच्या पैशावर सेनेटने कीस्टोन कंपनी काढली आणि मंडळी कॅलिफोर्नियात गेली. पहिल्याच मोजक्या कलाकारांत मेबल होती. कीस्टोनच्या सुरुवातीच्या 'द वॉटर निम्फ' या छोट्या चित्रपटात ती पाण्यात सूर मारताना दिसते.

आपल्याकडचं चित्रही याच सुमाराचं आहे. दादासाहेब फाळके १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' करत होते तेव्हा तारामतीसाठी एकही बाई तयार होईना आणि ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखले यांच्या आई, विक्रम गोखले यांच्या आजी. तेव्हा मुंबईत बाईने पडद्यावर दिसणं हीच मोठी गोष्ट होती. अमेरिकेत बाई दिसत होती, पण तिचं काम कोणाच्या खाती मांडायचं हे ठरलेलं नव्हतं.

आता कीस्टोनमध्ये काम कसं चालायचं ते पाहू, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

चित्रपट मोजायचे ते रिळांवर. एक रीळ म्हणजे साधारण हजार फूट फिल्म, पडद्यावर बारा ते सोळा मिनिटं. कधी एकाच रिळावर दोन छोटे चित्रपट बसवलेले असत. थिएटरवाले एकेक चित्रपट निवडून घेत नसत. वितरकाकडून आठवड्याचा जुडगाच्या जुडगा भाड्याने यायचा. त्यामुळे कीस्टोनला दर आठवड्याला नवा माल द्यावाच लागे. लिहून काढलेली पटकथा फारशी नसे. चार ओळींची कल्पना, बाकी जागेवर. एको पार्कचं तळं हाताशी होतं, तिथे नट पाण्यात पडत. गावात मोटारींची शर्यत, मिरवणूक, प्रदर्शन असं काही असलं की कंपनी कॅमेरा घेऊन तिथे हजर. दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवात आपले फोटो काढून घ्यावेत, तसा प्रकार. गर्दी फुकट, सजावट फुकट. कॅमेरा हाताने फिरवायचा असल्याने दांडा जरा सावकाश फिरवला की पडद्यावर सगळी माणसं भरधाव पळताना दिसत. ती गती मुद्दाम साधलेली असे.

अशा धबडग्यात दिग्दर्शक कोण? कॅमेऱ्यामागे उभा राहून ओरडणारा एक, कल्पना सुचवणारा दुसरा, संकलनाच्या वेळी कापाकापी करणारा सेनेट. आज आपण ज्याला श्रेयनामावली म्हणतो ती चित्रपटाच्या सुरुवातीला नसेच. असायचं ते कंपनीचं नाव आणि चित्रपटाचं शीर्षक. त्या शीर्षकात मात्र वारंवार एक शब्द येई: मेबल. 'मेबल्स ॲडव्हेंचर्स', 'मेबल्स ड्रॅमॅटिक करिअर', 'मेबल्स बिझी डे'. भित्तिपत्रकावर हे नाव दिसलं की लोक आत येतात हे कीस्टोनला कळलं होतं. ज्या माध्यमात दोनच वर्षांपूर्वी तिला नावच नव्हतं, तिथे आता तिचं नाव हीच चित्रपटाची ओळख झाली.

ती इतकी का चालली, हे समजायला तिच्या आजूबाजूला कोण होतं ते बघा. फोर्ड स्टर्लिंग: चिकटवलेली दाढी, हातवारे, उड्या, डोळे गरगर. रोस्को आर्बकल: अगडबंब देह, पण पाय हलके. सगळ्यांचा विनोद रंगभूषेवर आणि अंगविक्षेपावर. मेबलकडे यांतलं काहीच नाही. ती दिसायला सुंदर, कपडे साधे, मिशा-दाढ्यांचा प्रश्नच नाही. वेड्यांच्या बाजारात सापडलेली एक शहाणी मुलगी, असा तिचा सूर. समोरचा आचरटपणा करतो, ती क्षणभर थांबते, डोळे मोठे करते, ओठ दाबून हसू आवरते, आणि मग स्वतःच त्याच्यापेक्षा मोठा आचरटपणा करते. हशा त्या क्षणभराच्या थांबण्यात असतो. मोठ्या रंगमंचावर हे हरवलं असतं. कॅमेरा जवळ आला की दिसतं. माझ्या मते चेहऱ्यावरच्या बारीकशा बदलांनी केलेला विनोद अमेरिकन पडद्यावर रुळवण्यात तिचा वाटा मोठा आहे, आणि चॅप्लिन कीस्टोनला आला तेव्हा हे त्याच्यासमोर रोज घडत होतं. तो तिच्याकडूनच सगळं शिकला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. इंग्लंडच्या रंगमंचावरून तो बरंच काही घेऊन आला होता.

अंगमेहनतीतही ती मागे नव्हती. बायोग्राफच्या काळातच 'अ डॅश थ्रू द क्लाउड्स' या चित्रपटासाठी ती राइट बनावटीच्या विमानात बसली. ते विमान म्हणजे काठ्या, कापड, तारा आणि उघड्यावरचं आसन. चालवणारा वैमानिक फिलिप पार्मली चित्रपट लागण्याआधीच दुसऱ्या एका उड्डाणात अपघाताने मेला, यावरून धोका केवढा होता ते समजावं. १९१३ च्या एका चित्रपटात खलनायक तिला रेल्वेच्या रुळांना बांधतो आणि प्रख्यात मोटारशर्यतपटू बार्नी ओल्डफील्ड गाडी पळवत येऊन तिला सोडवतो. नायिकेला रुळांना बांधण्याचा प्रकार मूकपटांत सर्रास असे, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ही जुन्या नाटकांची टिंगल होती, आणि त्या टिंगलीलाच लोक पुढे खरं समजू लागले.

'मेबल्स ड्रॅमॅटिक करिअर' तर आजही चकित करतो. गावातला तरुण (स्वतः सेनेट) मेबलला सोडून देतो. काही वर्षांनी तो शहरात सिनेमा बघायला जातो, तर पडद्यावर मेबल! खलनायक तिला छळतोय. हा बाबा खरं समजून पिस्तूल काढतो आणि पडद्यावर गोळ्या झाडतो. सिनेमा जेमतेम वयात येत होता आणि तो स्वतःचीच थट्टा करू लागला होता.

पडद्यावर पहिल्यांदा तोंडावर पाय मारला तो मेबलने, ही दंतकथा तुम्ही कुठेतरी वाचाल. पाय म्हणजे तो क्रीमचा किंवा फळांचा गोड पदार्थ, पुढे विनोदी सिनेमाची खूणच बनलेला. सेनेटच्या १९५४ च्या आत्मचरित्रात ही गोष्ट रंगवून आली आहे आणि त्यात पाय खाणारा आहे तिरळ्या डोळ्यांचा नट बेन टर्पिन. पण टर्पिन सेनेटकडे आला १९१७ मध्ये! मेबलची कहाणी आपल्यापर्यंत कुणाच्या तोंडून आली, याचा हा नमुना. पाय कदाचित तिने आर्बकलला १९१३ मध्येच मारला असेल. सांगणाऱ्याची स्मृती मात्र भरवशाची नव्हती.

दिग्दर्शनाकडे येऊ. डिसेंबर १९१३ मध्ये चित्रपट व्यवसायाच्या एका अमेरिकन साप्ताहिकात बातमी आली की मेबल नॉर्मंड यापुढे आपल्या भूमिका असलेले चित्रपट स्वतः दिग्दर्शित करणार. हा पुरावा महत्त्वाचा, कारण तो त्याच वेळचा आहे. कुणी चाळीस वर्षांनी आठवून लिहिलेला नाही. अशा बातम्या, कंपनीचे उरलेले कागद आणि स्वतः चित्रपट, या तिन्हींची सांगड घालून अभ्यासक आज तिच्या दिग्दर्शनाची यादी करतात. १९१४ मध्ये चॅप्लिनबरोबर तिने डझनभर चित्रपट केले. काही तिने दिग्दर्शित केले, काही त्याने, काही दोघांनी मिळून.

यांतल्या एकावरून झालेलं भांडण गाजलं. 'मेबल ॲट द व्हील' हा मोटारशर्यतीचा चित्रपट. चॅप्लिन खलनायक, रस्त्यावर पाणी मारून शर्यतीच्या गाड्या घसरवणारा. त्याने एक विनोद सुचवला: आपला पाय चुकून नळीवर पडतो, पाणी थांबतं, नळीच्या तोंडाशी डोळा लावून बघतो, पाय उचलतो आणि पाणी थोबाडावर. मेबल म्हणाली, वेळ नाही, सांगितलं तेवढं कर. चॅप्लिन रस्त्याकडेला जाऊन बसला आणि काम करेना. त्याच्या आत्मचरित्रात तो म्हणतो की मेबल गोड होती, पण दिग्दर्शक म्हणून तिच्या कुवतीबद्दल त्याला शंका होती. सेनेट त्याला हाकलणारच होता, एवढ्यात न्यूयॉर्कहून तार आली की चॅप्लिनच्या चित्रपटांना मागणी आहे, आणखी पाठवा. मग समेट झाला.

ही हकीकत नेहमी चॅप्लिनच्या बाजूने सांगितली जाते, कारण लिहून ठेवली ती त्यानेच, १९६४ मध्ये. मेबलने आत्मचरित्र लिहिलं नाही. तिच्या जागी उभं राहून पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. उजेड जायला आलेला, आठवड्याचा माल द्यायचाय, आणि आठवड्याला दीडशे डॉलरवर नुकताच आलेला नट स्वतःचा प्रसंग वाढवायला बघतोय. आणि सुचवलेला विनोद कुठला? नळीवर पाय देऊन माळ्याला भिजवण्याचा, जो फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्येच पडद्यावर आणला होता. मला तरी तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

तिचे सगळे चित्रपट उत्तम होते असा माझा दावा नाही. बरेचसे नुसती पळापळ आणि ढकलाढकली. पण 'मेबल्स ब्लंडर' (१९१४) बघा. ऑफिसातल्या मुलीचं मालकाच्या मुलाशी गुपचूप जमलंय, म्हातारा मालकही तिच्यावर टपलाय, आणि एक अनोळखी बाई येऊन तिच्या प्रियकराच्या गळ्यात पडते. मेबल पुरुषी वेषात, मोटारचालक बनून पाळत ठेवते. शेवटी ती बाई निघते त्याची बहीण. गोष्ट साधी, पण कॅमेरा मेबलच्या चेहऱ्यावर जितका वेळ शांत थांबतो, तितका कीस्टोनच्या चित्रपटांत क्वचितच थांबलेला दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २००९ मध्ये याची नोंद झाली.

आता श्रेय पुसलं कसं गेलं ते पाहा. चॅप्लिन १९१४ च्या शेवटी कीस्टोन सोडून गेला आणि दोन-तीन वर्षांत जगातला सगळ्यात मोठा तारा झाला. त्याचे जुने कीस्टोनपट पुन्हा पुन्हा बाजारात आले, पण नवी नावं घेऊन. 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट' झाला 'हॉटेल मिक्सअप'. 'मेबल्स बिझी डे' झाला 'चार्ली अँड द सॉसेजेस'. 'मेबल ॲट द व्हील' झाला 'हिज डेअरडेव्हिल क्वीन'. श्रेयनामावली नव्हतीच, तिचं नाव टिकून होतं फक्त शीर्षकात, तेही गेलं. यात कुणाचा कट नव्हता. ज्या नावावर तिकीट खपतं ते वर, एवढाच हिशेब. त्याच हिशेबाने एकेकाळी तिचं नाव वर गेलं होतं.

तिची कारकीर्द मात्र त्यानंतर वाढतच होती. १९१४ च्या डिसेंबरात मारी ड्रेसलर आणि चॅप्लिनबरोबर 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स' हा सहा रिळांचा विनोदपट आला. एवढा लांब विनोदपट तोवर झाला नव्हता. मग आर्बकलबरोबर पडद्यावर नवरा-बायकोची जोडी जमली. १९१६ मध्ये तिच्या नावाची कंपनी निघाली, स्वतंत्र स्टुडिओ उभा राहिला. तिथे बनलेला 'मिकी' धंद्यातल्या भांडणांमुळे अडकून पडला आणि १९१८ मध्ये लागला, तो तुफान चालला. त्याच्या नावाचं गाणं निघालं, त्याच्या छापील प्रतींवर मेबलचा फोटो. तोवर ती सेनेटची कंपनी सोडून निर्माता सॅम्युएल गोल्डविनकडे गेली होती. सेनेटशी ठरलेलं लग्न मोडलं होतं ते त्याआधीच. गोल्डविनकडचे तिचे बहुतेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत, तेव्हा त्यावर मत देण्यात अर्थ नाही.

आता त्या भानगडी. सप्टेंबर १९२१ मध्ये आर्बकलवर एका तरुणीच्या मृत्यूचा आरोप आला. तीन खटल्यांनंतर तो निर्दोष सुटला, ज्युरीने त्याची लेखी क्षमासुद्धा मागितली. तरी त्याचे चित्रपट उतरवले गेले आणि त्यांबरोबर मेबलचेही. १ फेब्रुवारी १९२२ ला दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर याचा घरात खून झाला. त्या संध्याकाळी मेबल त्याच्याकडून पुस्तक घेऊन गेली होती. त्याने तिला मोटारीपर्यंत सोडलं होतं. पोलिसांनी तिला संशयितांतून वगळलं, पण वर्तमानपत्रांनी नाही. खून कधीच उलगडला नाही. १९२४ च्या पहिल्याच दिवशी तिच्या मोटारचालकाने तिच्या एका मित्रावर गोळी झाडली. मित्र वाचला, पण पिस्तूल मेबलचं होतं. तिच्या चित्रपटांवर बंदी घाला, अशी मागणी काही शहरांत उठली. तिन्ही प्रकरणांत तिच्यावर कसलाही गुन्हा सिद्ध झाला नाही. पण सरकारी सेन्सॉरशिप येईल या भीतीने हॉलिवूडने नुकतंच विल हेजला नेमून घर साफ करायला घेतलं होतं. अशा वेळी निर्मात्याला नट निर्दोष असून भागत नाही. त्याचं नाव निघालं की कुणी भुवया उंचावू नयेत, एवढं हवं असतं.

तब्येतही साथ देईना. तिला क्षय होता. १९२६-२७ मध्ये हॅल रोच या निर्मात्याकडे तिने काही छोटे चित्रपट केले. त्यांतल्या 'रॅगेडी रोझ'च्या कामात लॉरेल-हार्डी जोडीतला स्टॅन लॉरेल होता. १९२६ मध्ये तिने लू कोडी या नटाशी लग्न केलं. बोलपटात ती कधीच दिसली नाही. २३ फेब्रुवारी १९३० ला कॅलिफोर्नियात मन्‍रोव्हियाच्या क्षयरोग रुग्णालयात ती गेली, वयाच्या ३७ व्या वर्षी.

आणि उरलेलं काम फिल्मनेच गिळलं. मूकपट छापले जात ते नायट्रेट फिल्मवर. ही फिल्म पेट घेते, नीट ठेवली नाही तर सडते, आणि तिच्यातली चांदी काढून विकताही येते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिथल्या मोठ्या लांबीच्या मूकपटांपैकी फक्त १४ टक्केच मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. आपल्याकडे स्थिती याहून वाईट. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उरला आहे, आणि २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून आणखी नुकसान झालं.

कधीकधी उलटंही घडतं. चित्रपटाच्या प्रती देशोदेशी फिरत फिरत न्यूझीलंडला पोचत, आणि तिथून परत पाठवण्याचा खर्च कुणाला परवडत नसे. मग त्या तिथेच पडून राहत. २०१० मध्ये तिथल्या संग्रहातून पंचाहत्तर जुने अमेरिकन चित्रपट परत आले, त्यांत मेबलचा १९१४ चा 'वन इन अ क्लोजेट' होता. तिने स्वतः दिग्दर्शित केलेल्या आणि आज पाहता येणाऱ्या चित्रपटांत हा सगळ्यात जुना.

बघायला सुरुवात करायची तर 'मेबल्स ब्लंडर'पासून करा, पंधरा मिनिटांचंही काम नाही. मग 'द एक्स्ट्रा गर्ल' (१९२३). सिनेमात नाव काढायला हॉलिवूडला आलेली आणि वेषभूषा विभागात कामाला लागलेली मुलगी. त्यात एक प्रसंग आहे: कुत्र्याला सिंहाचा वेष चढवलाय असं समजून ती दोरी धरून खऱ्या सिंहाला स्टुडिओभर फिरवते. लोक वाट फुटेल तिकडे पळतात आणि ती मागे वळूनही न बघता त्याला रागावते. तो सिंह खरा आहे, दोरी धरणारीही तीच आहे.